अक्काचे अठरा हजार शिपाई

अक्का, मी वैशूला सांगितलं.

तू नको म्हणाली होतीस. मी मान हलवली होती. तरी सांगितलं, आणि माफी मागायला हे लिहीत नाहीये. काम झालं की त्याच्यापुढे खूण करायची आणि ज्याचं काम असेल त्याला कळवायचं, ही माझी सवय तुला माहीत आहे. हे काम तुझं होतं. तू ते माझ्यावर टाकून गेलीस.

तू गेलीस आणि तुझ्या लेकीने तिच्या गोळ्या बंद केल्या. एकदम. कुणाला न विचारता. 'स्टिरॉइडने अंबुजाला खाल्लं' हे वाक्य तुझ्या घरात भेटायला आलेल्या प्रत्येकाने उंबऱ्यातच म्हटलं, आणि वैशू कोपऱ्यात बसून ते ऐकत राहिली. तिलाही तोच आजार, तीच गोळी. पोरीने हिशेब केला आणि डबी बाजूला ठेवली. खरं काय ते घरात मला एकटीला माहीत होतं, कारण तू ते माझ्या एकटीच्या कानात सांगून ठेवलं होतंस. म्हणून आधी तुझ्याशी भांडण. रडणं नंतर बघू, वेळ मिळाला तर.

मी मिरजेहून लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा तुझ्या घरातली मराठी मला अर्धीच कळायची. तंजावरची तुमची जुनी मराठी, तिला तमिळची चाल, आणि मध्येमध्ये आख्खे तमिळ शब्द, 'गं'च्या जागी 'डी'. मी तुला 'वन्सं, तुम्ही' म्हटलं आणि तू मोठ्याने हसलीस. "वन्सं कुणाला म्हणतेस डी? अक्का म्हण. आणि तुम्ही-तुम्ही काय, मी काय कलेक्टर आहे?" महिन्याभरात माझी यादी करायची सवय तुझ्या लक्षात आली आणि माझं नाव लिस्टम्मा पडलं. तुझ्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, मला कधी नावाने हाक मारली तर मीच दचकते अशी वेळ तू आणलीस.

तू शाळेत विज्ञान शिकवायचीस. पाचवी, सहावी, सातवी. इथूनच सगळं सुरू झालं असं माझं मत आहे, आणि तू ते कधी मान्य केलं नाहीस.

शाळेच्या वार्षिक संमेलनाला तुझं एक नाटुकलं ठरलेलं. 'रक्तातले शिपाई'. मुलांना पांढऱ्या कागदाच्या टोप्या, हातात थर्माकोलच्या ढाली. त्या पांढऱ्या पेशी. काळे कपडे घालून लोळत येणारे ते जंतू. ढोल वाजला की शिपाई धावून जायचे, जंतू आडवे पडायचे, आणि पालक टाळ्या वाजवायचे. एका वर्षी मला तू ढाली कापायला बसवलंस. मी विचारलं होतं, शिपाई इतके कशाला, स्टेजवर मावणार नाहीत. तू म्हणालीस, "शिपाई जितके जास्त तितकं बरं, लिस्टम्मा. हा धडाच तो आहे."

तो धडा सातवीच्या मुलांना ठीक होता. तू तो स्वतःला लावून घेतलास.

ल्युपस निघाला तेव्हा तू निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. सांधे सुजलेले, गालांवर लाल चट्टा, लघवीत प्रथिनं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटून घरच्यांवर तुटून पडते. आणि तुझ्या पांढऱ्या पेशी तर नेहमीपेक्षा कमी भरल्या, तीन हजारांच्या खाली. तू त्या कागदाकडे बघत राहिलीस. आजाराचं नाव ऐकून तू घाबरली नाहीस, किडनीचं ऐकून घाबरली नाहीस. "माझे शिपाई तीनच हजार?" एवढंच म्हणालीस, वर्गात पटावरची अर्धीच मुलं आल्यासारखी.

मग स्टिरॉइडची गोळी सुरू झाली आणि पुढच्या रिपोर्टला आकडा अकरा हजारांवर गेला. त्या दिवशी तू शर्करा पोंगल केलास, गुळाचा गोड भात. मला ऑफिसात फोन. "अकरा हजार डी! सेंच्युरी!" मी आवडीला, आमच्या कारखान्याच्या भांडारात माल उतरवून घेत उभी होते, मागे ट्रक धडधडत होता. मी म्हटलं, अक्का, सेंच्युरी शंभरला होते. तू म्हणालीस, "तुला क्रिकेट कळत नाही आणि रक्तही कळत नाही."

खरंच बरं वाटायला लागलं तुला. ते मी नाकारत नाही. बोटं उघडमीट व्हायला लागली. भूक लागायला लागली. चेहरा फुगून गोल झाला आणि तू आरशात बघून म्हणालीस, आता मी शिवाजी महाराजांच्या घराण्यातली वाटत नाही, चंद्राच्या घराण्यातली वाटते. स्वयंपाकघराच्या फळ्या तू एका सकाळी सगळ्या पुसून काढल्यास. पहाटे साडेचारला जाग यायची ती कायमची, आणि जाग आली की मला मेसेज. गोळीने हुशारी येते, झोप उडते, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. तू त्याला शिपायांची ताकद म्हणायचीस.

एकदा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आपण तिघी होतो, तू, मी आणि वैशू. वैशूचंही निदान तेव्हा नुकतंच झालेलं. आयटी कंपनीतली पोर, सव्वीस वर्षांची, आईबरोबर तपासायला आली आणि तिचेही चट्टे निघाले. तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "गोळीने पांढऱ्या पेशी वाढतात, मग आम्हाला इन्फेक्शनला जपा असं का सांगता? उलट भीती कमी व्हायला पाहिजे."

त्या हसल्या नाहीत. वेलचेरीत राहता ना, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "स्टेशनबाहेर शेअर ऑटो उभे असतात, कडेला, फुटपाथला चिकटून. रस्त्यावरची वाहनं मोजली तर ते मोजणीत येत नाहीत. तशा बऱ्याच पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. स्टिरॉइड काय करतं, त्यांची पकड सोडवतं. सगळ्या एकदम रस्त्यावर येतात. आम्ही रस्त्यावरचं रक्त काढून मोजतो, आकडा फुगतो. पण या गाड्या गल्लीत वळत नाहीत. आग लागलीय त्या घरापर्यंत जातच नाहीत. रस्ता भरलेला, घर जळतंय."

तू म्हणालीस, "मग नव्या तयार होत नाहीत?"

त्या म्हणाल्या, हाडांच्या आत मगज असतो, पेशी तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांचा साठाही असतो. स्टिरॉइडमुळे तो साठा लवकर बाहेर सोडला जातो. एरवी काही तासांत मरायच्या त्या पेशी जरा जास्त तगतात. थोडं उत्पादनही वाढत असेल. पण त्याच वेळी पांढऱ्या पेशींची दुसरी जात, जी ओळख ठेवते आणि नेमका वार करते, ती कमी होते. "आकडा एक आहे, मॅडम. त्याच्या आत चारपाच जातींची माणसं आहेत. काही वाढलीत, काही घटलीत. बेरीज बघून खूश होऊ नका."

मला ते पहिल्या फटक्यात कळलं. माझं आयुष्य भांडारात गेलंय. मी जिन्यात तुला म्हटलं, "अक्का, गोदामातला माल काढून गेटवर मांडला तर बघणाऱ्याला वाटतं कारखाना जोरात चाललाय. गोदाम रिकामं होतंय हे गेटवरून दिसत नाही." आणि तू, तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, मला काय म्हणालीस? "तुझे नटबोल्ट आणि माझं रक्त एक करू नकोस डी. ती डॉक्टर माझ्या वैशूएवढी आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती वैशूने ऐकली होती आणि नंतर विसरली. की ही गोळी परकी नाही. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज पहाटे हेच रसायन स्वतः बनवतात. बाहेरून गोळी मिळायला लागली की त्या आळशी होतात. म्हणून गोळी कधी एकदम थांबवायची नाही. हळूहळू उतरवायची, ग्रंथी जाग्या होईपर्यंत. मनाने कमी नाही, मनाने जास्त नाही. हे वाक्य त्या दोनदा बोलल्या.

तू पर्स उघडून चष्म्याची डबी शोधत होतीस.

त्याच आठवड्यात मी रबरी चपला आणल्या. निळ्या, मऊ तळाच्या. घरात आणि दारात घालायला. कारण पायाला काही लागलं तर कळायचं नाही, सूज यायची नाही, ताप यायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आणि तू तर सकाळ-संध्याकाळ अनवाणी गेटपर्यंत. तुमच्या वेलचेरीच्या गल्लीत ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पडलेलं पाणी मार्गळीपर्यंत कडेला साचून असतं. ते पाणी तुडवत तू कोलम, म्हणजे तुमची तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायला जायचीस. मी चपला समोर ठेवल्या.

"कोलम चपला घालून?" तू म्हणालीस. "लक्ष्मी घरात येताना पहिलं काय बघेल, लिस्टम्माची रबराची चप्पल?"

मी म्हटलं, लक्ष्मी जिवंत बाईच्या घरात येते.

तुला ते लागलं. दोन दिवस मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आला, भोपळ्याच्या फुलाचा फोटो, खाली काही नाही. चपला तू रॅकच्या सगळ्यात खालच्या खणात टाकल्यास, पुठ्ठ्यासकट.

मार्गळी म्हणजे आमचा धनुर्मास. तुमच्या गल्लीत महिनाभर पहाटे प्रत्येक दारात मोठा कोलम, मध्ये शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. आधल्या वर्षी तुझे गुडघे वाकत नव्हते आणि तुझ्या दारात वैशूने छापाचा कोलम उमटवला होता. समोरच्या राजम मामीने विचारलं होतं, "स्टिकर आ?" ते तू वर्षभर मनात ठेवलंस हे मला माहीत नव्हतं. बायका कशासाठी मरतात, बघ. देवासाठी नाही, नवऱ्यासाठी नाही. राजम मामीच्या एका शब्दासाठी.

या मार्गळीत तुझ्या दारात एकवीस ठिपक्यांचा कोलम पडायला लागला. रोज नवा. तू रोज फोटो पाठवायचीस. मी रोज विचारायचे, चपला? तू हसणारा चेहरा पाठवायचीस. श्रीधर म्हणाला, अक्काला बरं वाटतंय, कशाला मागे लागतेस. सगळ्यांना तू बरी दिसत होतीस. गोल चेहरा, लखलखीत डोळे, पहाटे अंगणात दीड तास वाकलेली साठीची बाई. राजम मामी तुझ्या दारासमोर उभी राहून फोटो काढून गेली म्हणे. तू मला ते तीन वेळा सांगितलंस.

मग तो फोन. "अठरा हजार!"

मी विचारलं, काय अठरा हजार?

"शिपाई डी! आतापर्यंतचा रेकॉर्ड!"

मी म्हटलं, अक्का, इतके का वाढले, डॉक्टरांना आजच्या आज दाखव. ताप आहे का? नाही. खोकला? नाही. कुठे काही लागलंय? "टाचेला जरा फरशीचा तुकडा लागला होता, तो केव्हाच बरा झाला, दुखत पण नाही." मी म्हटलं, टाचेचा फोटो पाठव. तू कोलमचा पाठवलास.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून आवडीहून निघाले, गाडी बदलत वेलचेरीला आले, तर तू सोफ्यावर बसलेली, कपाळाला घाम, शब्द जड. टाच वरून सुकलेली. घोट्याच्या वर कातडी जांभळी. हात लावला तर गरमसुद्धा नव्हती फारशी. ताप नाही. शरीराने आग लागल्याची घंटाच वाजवली नव्हती.

इस्पितळात आणीबाणीच्या खोलीत त्यांनी विचारलं, स्टिरॉइड किती घेता? तू डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला डोस सांगितलास, घडाघडा, वर्गात पाढा म्हटल्यासारखा. ते रक्त घ्यायला गेले आणि तू माझा हात ओढलास.

"मी वाढवल्या होत्या," तू म्हणालीस. "मार्गळी लागल्यापासून. चौपट."

मी म्हटलं, काय?

"एवढ्या थंडीत, पाण्यात उतरायचं होतं. म्हटलं, शिपाई जास्त असलेले बरे."

ते ऐकल्यावर मी तुला जे बोलले ते बोलले. मूर्ख म्हणाले. शिकलेली मूर्ख म्हणाले. पडद्यापलीकडच्या पेशंटचा नवरा डोकावून गेला. लोक म्हणतात, शेवटचं बोलणं गोड असावं. तू चौपट गोळ्या खाऊन बसली होतीस आणि मी गोड बोलायचं? आज समोर असतीस तर परत तेच बोलले असते.

तू डोळे मिटून ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "झालं? पोदुम, पुरे. आता एक ऐक. वैशूला सांगू नकोस. पोर मला शहाणी समजते."

मी मान हलवली आणि सरळ डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. तू 'वैशूला' म्हणाली होतीस, डॉक्टरांना नव्हे. तरुण डॉक्टर होता, त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, आकडा बघून आम्हाला दोन्ही वाटलं असतं, स्टिरॉइडने फुगलाय किंवा जंतूंनी. खरा डोस कळल्याशिवाय तो आकडा वाचायचा कसा? त्यांनी सगळं केलं. जंतू पायातून रक्तात गेले होते, आणि रस्त्यावर गर्दी करून उभे असलेले तुझे अठरा हजार शिपाई नुसते बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. हे इथेच सोडते.

नंतरचे दिवस मी काम केलं. कुणीतरी करायला पाहिजे होतं. भटजी, भांडी, पाण्याचे कॅन, तंजावरहून येणाऱ्यांची झोपायची सोय. तुझी पद्मा मावशी पहिल्याच दिवशी आली आणि गादीवर बसता बसता म्हणाली, "इंग्लिश मरुंदु! इंग्रजी औषधं! सांगत होते मी. स्टिरॉइड म्हणजे विषच ते. आधी फुगवतं, मग खातं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी कॉफीचे टंबलर उचलत होते. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण तुला शब्द दिला होता, आणि मला वाटलं, मेलेल्या माणसाला मूर्ख ठरवण्यापेक्षा गोळीला दोष जाऊ दे, गोळीला काय फरक पडतो.

फरक पडला तो वैशूला.

ती वाढायला उभी राहिली आणि मटकन खाली बसली. सगळे म्हणाले, दुःख. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. सगळे म्हणाले, पोटात अन्न नाही. मी तिच्या खोलीत गेले. मी तुम्हा दोघींना वारांचे कप्पे असलेली एकेक डबी दिली होती. तुझी रिकामी होती. तिची भरलेली होती, सगळे वार.

मी दार लावून घेतलं. "हे काय?"

ती म्हणाली, "मामी, प्लीज. मी नाही घेणार. अम्मा बरोबर घेत होती, एक पण दिवस चुकवली नाही, आणि बघ काय झालं. माझा काउंट पण नऊ हजार झालाय. म्हणजे माझ्यातपण सुरू झालं ना?"

मी तिला भिंतीला चिकटलेल्या ऑटोंचं सांगितलं. गोदामाचं सांगितलं. त्या टोपीसारख्या ग्रंथींचं सांगितलं, म्हटलं, तुझ्या झोपल्या आहेत, तू वरून गोळीही थांबवलीस, म्हणून उभं राहता येत नाहीये तुला. डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, त्याही बोलल्या. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अम्मालापण त्यांनी असंच सांगितलं होतं ना? अम्माने ऐकलंच होतं ना सगळं? ती सायन्स टीचर होती, मामी. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं का?"

अक्का, बघ मला कुठे आणून उभं केलंस. पोरीला वाचवायचं तर तुझी शहाणीव मोडावी लागत होती, आणि तुझी शहाणीव ठेवायची तर पोर.

मला निवडायला वेळ लागला नाही. खोटं कशाला बोलू.

मी तिच्या शेजारी बसून सांगितलं. "तुझी अम्मा बरोबर घेत नव्हती. चौपट घेत होती. स्वतःच्या मनाने. शिपाई वाढावेत म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुझ्या तेराव्याआधी तुझा फोटो फोडलाय. "तू खोटं बोलतेस." मग, "तुला आधी माहीत होतं?" मी म्हटलं, इस्पितळात कळलं. "आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, तिने नको म्हटलं होतं. "का?" मी म्हटलं, तू तिला शहाणी समजतेस म्हणून.

बाहेर पद्मा मावशी कुणाला तरी केळीची पानं मोजून देत होती. मग वैशूने विचारलं, "कोलमसाठी?" मी म्हटलं, हो. "त्या राजम मामीसाठी?" मी म्हटलं, बहुतेक.

आणि तुझी पोर रडली नाही, अक्का. चिडली. उशी उचलून भिंतीवर फेकली. "लूसू," म्हणाली. वेडी. "लूसू, लूसू अम्मा." मग रडली. माझ्यावरही चिडली होती, तो राग अजून गेलेला नाही. जाईल की नाही माहीत नाही. तुझ्या घरात माझ्यावर रागावणारं एक माणूस नेहमी असायचं, ती जागा रिकामी राहिली नाही एवढंच.

मी तिला तशीच उचलून त्याच इस्पितळात नेलं. सलाईनमधून औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी घरी आली. डबीतली त्या वाराची गोळी तिने माझ्यासमोर नाश्त्यानंतर घेतली. तोंड उघडून दाखवलं, मी मागितलं नव्हतं तरी. टोमणा होता. मी खूण केली.

पद्मा मावशीने विचारलं, "परत तेच विष?" वैशू म्हणाली, "मावशीआजी, विष अम्माने स्वतः मोजून घेतलं होतं. मी डॉक्टरने मोजलेलं घेते." म्हणजे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मी नाही सांगितलं, हे नोंदवून ठेव.

तुझ्या बाजूनेही बोलायला हवं म्हणून लिहिते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला इथे कुणाशी बोलता येत नव्हतं, तेव्हा तू दर शनिवारी तांबरमला तुझ्या शाळेत मला बोलवायचीस आणि मुलांसमोर खुर्चीवर बसवून म्हणायचीस, ही आपली पाहुणी, हिला तमिळ शिकवा. चाळीस मुलं मला तमिळ शिकवायची. आज मी आवडीत कामगारांशी ज्या तमिळमध्ये भांडते ती त्यांची आहे. तू चांगली शिक्षिका होतीस. त्याचाच तर राग आहे. नीट शिकवलेला चुकीचा धडा कुणी विसरत नाही, आणि शिकवणारी तर नाहीच.

तेराव्याच्या सकाळी सुतक फिटलं. इतके दिवस दार कोरडं होतं, आता तिथे कोलम पडायला हवा होता. मार्गळी अजून संपली नव्हती. गल्लीत सगळ्या दारांत पिवळी फुलं. पद्मा मावशी म्हणाली, छोटासा काढा, शास्त्रापुरता. मी तांदळाचं पीठ घेऊन दारात आले तर वैशू आधीच खाली वाकलेली होती. फ्रॉकसारखी ती तिची घरची नाइटी, केस ओले, आणि पायात निळ्या रबरी चपला. पुठ्ठा काढून टाकलेला. किमतीची चिठ्ठी अजून टाचेला चिकटलेली.

"अय्यो, वैष्णवी!" मावशी ओरडली. "चपला घालून कोलम? आजच्या दिवशी?"

वैशूने वर बघितलं नाही. "माझं स्टिरॉइड चालू आहे," म्हणाली.

समोरून राजम मामी बघत होती. एक शब्द जरी बोलली असती तर तिची खैर नव्हती, मी पीठ हातात घेऊन उभीच होते.

पोरीला तुझा हात नाही, अक्का. ठिपके तिरके गेले. एक रेघ दोनदा काढावी लागली. आणि उठताना तोल गेला तिचा, चप्पल पिठात पडली आणि कोलमच्या कडेला तळाचा आख्खा ठसा उमटला, रबराच्या रेघांसकट. तुझ्या पायाच्या मापाच्या होत्या त्या, तिला एक नंबर मोठ्या.

तू असतीस तर ओल्या फडक्याने पुसला असतास. मी बाजूने पाणी शिंपडलं, ठसा तेवढा राहू दिला.